गावठी अंडे, इंग्लिश अंडे आणि कोलेस्टेरॉल



गेल्या महिन्यात एका वस्तीवर गेलो असता घरच्या सूनबाईंनी चहाचा कप पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, अंडी खावीत की नाही ते तुम्हीच मामंजींना सांगा." झाले होते असे की, सासऱ्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त निघाले. डॉक्टरांनी त्यांना पथ्य सांगितले आणि घराने ते सर्वांनाच लावले. दारात दहा-बारा कोंबड्या, रोज अंडी निघताहेत. पण पाच महिन्यांची गरोदर सून आणि शाळेत जाणारी दोन पोरे यांच्या ताटात एकही अंडे पडत नव्हते. सगळी बाजारात! त्यातच धाकट्या मुलाने या कोंबड्या विकून कडकनाथची पिल्ले आणायचा घाट घातलेला. त्याच्या अंड्यात कोलेस्टेरॉल नसते म्हणे. मोबाईलवर कोणीतरी तसे पाठविले होते.

अशी घरे मला अलीकडे बरीच भेटतात, म्हणून आज हाच विषय घेतो.

प्रथम हे ध्यानात घ्या की, कोलेस्टेरॉल अंड्याच्या फक्त पिवळ्या बलकात असते. पांढऱ्यात ते नसतेच. आणि बलकात ते येते कोठून? आपण कोंबडीला मका, ज्वारी, पेंड घालतो. या धान्यात कोलेस्टेरॉल नाही. कोंबडी ते स्वतःच्या यकृतात तयार करते आणि रक्तावाटे बलकात भरते. अंडे आपल्यासाठी नसून तिच्या पिल्लासाठी असते ना! एकवीस दिवस त्या कवचाबाहेरून पिल्लाला काही मिळायचे नाही. त्याचा मेंदू, त्याच्या अंगातील प्रत्येक पेशीचे आवरण घडायला कोलेस्टेरॉल लागते. म्हणून ती शिदोरी कोणत्याही जातीची कोंबडी बांधून देतेच. शास्त्रज्ञांनी निवड पद्धतीने कमी कोलेस्टेरॉलच्या कोंबड्या तयार करण्याचे पुष्कळ प्रयत्न केले, पण फारसे हाती लागले नाही.

मग जातीने फरक पडत नाही का? पडतो, पण आपण समजतो तसा नव्हे. एक ग्रॅम बलकात साधारण ११ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल धरा. जातीजातीत हा आकडा थोडा मागेपुढे होतो, फार नाही. खरा फरक आहे तो बलकाच्या आकाराचा. त्या दिवशी आम्ही शेजारच्या दुकानातून काटा आणविला. घरची गावठी अंडी होतीच, दुकानातून पांढरी इंग्लिश अंडी घेतली. ताटलीत फोडून, पांढरे बोटांमधून गाळून बलक तोलले. आपणही करून पाहा. गावठी अंडे चाळीस ग्रॅमच्या आसपास भरते, त्यात बलक सुमारे १३ ग्रॅम. व्हाईट लेगहॉर्नचे अंडे साठ ग्रॅमचे, बलक सुमारे १७ ग्रॅम. म्हणजे गावठी अंड्यात १४३ आणि इंग्लिश अंड्यात १८७ मिलिग्रॅम. धाकटा लगेच म्हणाला, "बघा, गावठीत कमीच!"

थांबा. तीन गावठी अंडी आणि दोन इंग्लिश अंडी यांचे वजन सारखेच, १२० ग्रॅम. आता गुणाकार करा. तीन गावठी अंड्यांत ४२९ आणि दोन इंग्लिश अंड्यांत ३७४! गावठी अंडे लहान, पण त्या मानाने बलक मोठा. त्यामुळे वजनास वजन घेतले तर गावठीतच कोलेस्टेरॉल जास्त. शिवाय कमी अंडी देणाऱ्या कोंबडीच्या बलकात ते थोडे अधिक साठते, असेही तपासण्यांत दिसले आहे. गावठी अंड्याला दुप्पट दर मिळतो तो खुशाल घ्या. चव आहे, मागणी आहे. पण कोलेस्टेरॉलच्या नावावर विकू नका.

कडकनाथचेही तेच. हा मूळचा मध्य प्रदेशातील झाबुआकडचा पक्षी, त्याच्या काळ्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पक्षी चांगला, काटक. पण त्याचे अंडे काळे नसते, फिकट तपकिरी आणि लहान असते, आणि त्यालाही पिवळा बलक असतोच. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या योजनांत किती घरे बुडाली हे आपण वाचले असेल. तिकडे दक्षिण अमेरिकेच्या निळ्या कवचाच्या अंड्यांचीही अशीच ख्याती होती. १९७० च्या दशकात अमेरिकेत ती तपासली, तर लेगहॉर्नपेक्षा कोलेस्टेरॉल कमी नव्हतेच!

वयाचा भाग सोपा आहे. तलंग नुकतीच अंड्यावर येते तेव्हा अंडे लहान आणि बलकही लहान, जेमतेम दहा-अकरा ग्रॅम. त्या बलकात ग्रॅममागे कोलेस्टेरॉल किंचित जास्त असते. तरी अख्ख्या अंड्याचा हिशेब कमीच येतो. कोंबडी जून होते तसे अंडे वाढते आणि पांढऱ्यापेक्षा बलक जास्त वाढतो. म्हणून वर्ष-सव्वा वर्षाच्या कोंबडीच्या अंड्यात एकूण कोलेस्टेरॉल जास्त भरते. पण एवढ्यासाठी कोणी जुन्या कोंबड्या काढू नयेत. काढायच्या तर अंडी कमी झाली, खाद्य परवडेना म्हणून काढाव्यात.

आता खायचे कोणी? आपल्या रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल आपलेच यकृत तयार करते. निरोगी माणसाला रोजच्या एका अंड्याने सहसा अपाय होत नाही. त्याहून वनस्पती तूप आणि पुन्हापुन्हा तापविलेले तेल वाईट. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शनातून रोज ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादाही २०१५ मध्ये काढली गेली. मात्र ज्यांना मधुमेह वा हृदयविकार आहे, रक्तातील कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, त्यांनी डॉक्टरांचेच ऐकावे. सासऱ्यांना मी तेच सांगितले: आपले पथ्य आपण पाळा, हवे तर पांढरे खा. पण गरोदर बाईला आणि वाढत्या पोरांना एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने आणि ब-१२ जीवनसत्त्व मिळते, ते घरचे असून का तोडता?

म्हातारबुवा बराच वेळ ताटलीतल्या बलकांकडे पाहत बसले. मग म्हणाले, "उद्यापासून तीन अंडी घरात ठेवा." धाकट्याचे कडकनाथ मात्र अजून डोक्यातून गेलेले नाही.

पुढील अंकी खुडूक कोंबडीविषयी लिहीन. त्याबद्दल आपली पत्रे बरीच साठली आहेत.