हवेचं गिऱ्हाईक आणि पेठेचं गिऱ्हाईक

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार यांचे समर्थक बघा. संघ हरला तरी पुढच्या मॅचला हजर! कारण संघ त्यांच्या पेठेचा, तालमीचा. उलट 18 डिसेंबर 2022 ला अर्जेंटिनाने वर्ल्ड कप जिंकला आणि कधी फुटबॉल न बघणारेही रातोरात मेस्सीवाले झाले.

मलकापुरात धंदा करणाऱ्यांनो, पावसाळ्यात आंबा घाटाला जाणारी गर्दी म्हणजे असाच हवेबरोबर आलेला फॅन. त्याला नावं ठेवू नका, गल्ला तोही भरतो. पण त्याच्याकडे बघून चहा-वड्याचा दर वाढवलात आणि शाहूवाडीच्या खेड्यांतून बारमाही येणाऱ्यालाही तोच लावलात, तर गर्दी ओसरल्यावर कोण येणार?

माझं मत स्पष्ट आहे: सीझनच्या गर्दीवर कर्ज काढू नका. मंदीच्या महिन्यात किती जण परत आले, ते वहीत लिहा. तोच तुमचा खरा संघ. आणि हो, पेठेतला कट्टर समर्थकही कधीतरी कुणाचं बोट धरून पहिल्यांदाच आला होता. म्हणून नव्या माणसालाही परत यायचं कारण द्या. वही आजच सुरू करा, आकडा कमेंटमध्ये कळवा!