उपटण्याआधी

‘तण खाई धन’ ही म्हण आपण खुरप्याच्या मुठीइतकी घट्ट धरून ठेवली आहे. पण शेतात नकोशी असलेली हरळी गणपतीपुढे दूर्वा होते, आणि निंदणीत उपटलेला टाकळा, कुर्डू, घोळ ताटात रानभाजी म्हणून येतो. निंदणीला माणसे मिळेनाशी होऊन तणनाशकाचा पंप सरसकट पाठीवर चढत असताना या दुटप्पीपणाकडे पुन्हा पाहायला हवे, असे आम्हाला वाटले. अर्थात पुण्यात १९५५च्या सुमारास दिसलेले गाजरगवत आठवले, की सरसकट माफीही परवडत नाही. म्हणून या अंकात तणांची वकिली नाही. कोणते काढावे, कोणते कापून आच्छादनाला वापरावे, याचा शोध आहे. तुमच्या बांधावरचा, कुंडीतला अनुभव आम्हाला जरूर कळवा.