राजकारण करा, पण दराचं

संपादक महोदय,

मराठवाड्यातल्या पुरानंतर आपल्या दैनिकाच्या अग्रलेखात ‘आपत्तीत राजकारण नको’ असं आवाहन सगळ्या पक्षांना केलं आहे. हेच वाक्य ‘निसर्ग’ वादळानंतर वाचलं होतं, ‘तौक्ते’नंतर वाचलं होतं, चिपळूण बुडालं तेव्हाही वाचलं होतं. दिसायला ते सभ्य आहे. पण रत्नागिरी तालुक्यातल्या आरे-वारेसारख्या ठिकाणी माड-पोफळीचं आगर राखून राहणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

भरपाईचा दर कसा ठरतो ते पाहा. जून २०२०मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा फळबागांना निकषाप्रमाणे हेक्टरी १८ हजार रुपये मिळायचे. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत लोकांनी बोंब मारली, शरद पवार फिरून गेले, देवेंद्र फडणवीस फिरून गेले, आणि दर ५० हजारांवर गेला. पूर्ण पडलेल्या घराचे ९५,१०० होते, त्याचे दीड लाख झाले. पुढच्या वर्षी तौक्तेला बागांसाठी तोच ५० हजारांचा दर राहिला. त्या वेळच्या सुमारे २५२ कोटींच्या मदतीत निकषात बसणारे जेमतेम ७२ कोटी होते, बाकीचे वाढीव. आणि आता, ७ ऑक्टोबर २०२५ला जाहीर झालेल्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजमध्ये बागायतीला हेक्टरी ३२,५०० रुपये आहेत. त्यातले २२,५०० केंद्राच्या निकषाचे आणि १० हजार रब्बीच्या नावाने. पोफळीला रब्बी कसली, ते कृषी खात्यालाच ठाऊक.

पाच वर्षांत खत महागलं, मजुरी वाढली, रोपांची किंमत वाढली, आणि बागेचा दर ५० हजारांवरून साडेबत्तीसवर आला. याचं कारण कुठल्याही निकषात सापडणार नाही. त्या वेळी सत्तेवर कोण, निवडणूक किती लांब आणि कुणी किती आवाज केला, यावर तो आकडा ठरतो. दर राजकारणानेच ठरत असेल, तर ‘राजकारण करू नका’ याचा आमच्यापुरता अर्थ एवढाच होतो की पदरात पडेल ते घ्या आणि गप्प बसा.

अग्रलेख लिहिणाऱ्यांचा राग मला कळतो. त्यांना वीट आला आहे तो दौऱ्यांचा, चिखलफेकीचा. पण त्याला राजकारण म्हणणं हाच राजकारणावर अन्याय आहे. मे २०२१चंच घ्या. १६ मे रोजी तौक्ते आमच्या समोरून गेलं. शेवटच्या तोडणीचा आंबा झाडाखाली पडून होता, टाळेबंदीमुळे मजूर नव्हते आणि गिऱ्हाईकही नव्हतं. १९ मे रोजी पंतप्रधानांनी गुजरातची हवाई पाहणी करून त्या राज्याला १ हजार कोटी जाहीर केले. महाराष्ट्रावरून का फिरले नाहीत, हा प्रश्न रास्तच होता. पण पुढच्या दोन दिवसांत वाद कुठे गेला? पाहणी हेलिकॉप्टरमधून की जमिनीवरून, मुख्यमंत्र्यांचा कोकण दौरा किती तासांचा, विरोधी पक्षनेते आधी पोचले की नाही. बागायतदाराला पाहणी आकाशातून झाली की बोटीतून, याच्याशी काही देणंघेणं नसतं. तलाठी आणि कृषी सहायक आगरात उतरले का, आणि उतरले तर आडवी झालेली पोफळ त्यांनी मोजली की अंदाजाने आकडा टाकला, यावर त्याचं वर्ष अवलंबून असतं. त्याविषयी ना एका पक्षाने दुसऱ्याला छेडलं, ना वाहिनीने कुणाला विचारलं.

वाहिन्यांचं म्हणाल तर त्यांची आमच्या गावावर विशेष मर्जी आहे. समुद्र खवळला की आरे-वारेच्या वळणावर कॅमेरे लागतात. खाली लाट, वर सुरूचं बन, मधून रस्ता. ‘आपण पाहू शकता’ म्हणून जे दाखवतात, ते बहुतेक वेळा आषाढ-श्रावणातल्या अमावास्येला आणि पुनवेला दरवर्षी येणारं उधाण असतं. नुकसान झालेलं असतं ते रस्त्याच्या मागच्या अंगाला, आगरांत, आणि तिथे दाखवण्यासारखं फार नसतं. दहा गुंठ्यांत शे-सव्वाशे पोफळी असतात, त्यातल्या चाळीस पडल्या तर चित्रात ती नुसती अडगळ दिसते. ऑक्टोबर २०२५मधलं ‘शक्ती’ वादळ अरबी समुद्रातून पश्चिमेला निघून गेलं, पण दोन दिवस वाहिन्यांनी ते आमच्या दारात आणून बसवलं होतं. सरकारी इशारा होता, तो द्यायलाच हवा. पण इशारा आणि आरोळी यांतला फरक पुसला, की पुढच्या खऱ्या वादळाला माणसं घर सोडत नाहीत.

कॅमेरा फक्त वरवरचं दाखवतो एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. तो ज्याला धारेवर धरल्यासारखं दाखवतो, त्यालाच सोडवतो. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसच्या वर माणसं वाहून गेली. धरण गळतंय, अशी ग्रामस्थांची तक्रार आधीपासून होती. तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी दोष खेकड्यांवर टाकला. मग काय, आठवडाभर खेकडेच खेकडे. विरोधक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले, व्यंगचित्रं आली, विनोद फिरले. महाराष्ट्र हसला आणि त्या हसण्यात मूळ प्रश्न वाहून गेला. तक्रार आल्यावर पाहणी कुणी केली, दुरुस्ती झाली असं कागदावर कुणी लिहिलं, त्यावर सही कुणाची? मंत्र्यांची फजिती झाली असं सगळ्यांना वाटलं. माझ्या मते ते विधान त्यांच्या खात्याला फार स्वस्तात पडलं.

दोनच वर्षांनी, २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी आणि शिवनदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरल्या. त्या पुरातलं लोकांच्या लक्षात काय राहिलं? नारायण राणे अधिकाऱ्यांवर तडकले ते, आणि मुख्यमंत्र्यांपुढे टाहो फोडणाऱ्या महिलेशी आमदार भास्कर जाधव ज्या पद्धतीने बोलले ते. पण त्याच शहरात त्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने वाशिष्ठीतल्या गाळासाठी साखळी उपोषण केलं. मुख्य मागणी, नदीतला गाळ काढा. पैसे मंजूर झाले, यंत्रं आली, नाम फाउंडेशनही उतरलं आणि २०२२मध्ये गाळ निघायला लागला. मी ज्याला राजकारण म्हणतो ते हे. त्याला राज्यभरच्या वाहिन्यांवर किती मिनिटं मिळाली, ते आपण पत्रकार मंडळींनीच आठवून पाहावं.

मदतीच्या पाकिटांवरच्या नेत्यांच्या फोटोंबद्दल फार लिहीत नाही. २०१९च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात ते होते, २०२५मध्ये धाराशिवच्या पुरातही होते.

दोषारोपाची आणखी एक खोड आहे. विरोधकाला एकट्याला टोचता येईल तेवढाच विषय निघतो. जिथे सगळ्यांचाच हात अडकलेला, तिथे सगळे मुके. जागतिक बँकेच्या कर्जातून राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाचा दुसरा टप्पा २०१५मध्ये मंजूर झाला. महाराष्ट्र त्यात होता, भूमिगत वीजवाहिन्या होत्या, निवारा केंद्रं होती. निसर्ग आलं तेव्हा या मंजुरीला पाच वर्षं झाली होती, आणि दापोली-मंडणगडातल्या गावांनी कित्येक आठवडे अंधारात काढले. मंजुरीच्या वेळी फडणवीस सरकार होतं, मग ठाकरे, शिंदे आणि पुन्हा फडणवीस अशी सरकारं आली. कोणता पक्ष कोणाकडे बोट दाखवणार?

सामाईक सातबाऱ्याचंही तसंच. आमच्याकडे एका आगरावर दहा-पंधरा नावं, त्यातली निम्मी मुंबईला, दोन-चार वारलेली. भरपाई घ्यायची तर सगळ्यांची संमतीपत्रं आणा. ती गोळा करेपर्यंत पावसाळा संपतो. एवढं करून दहा गुंठ्यांना हेक्टरी ५० हजारांच्या दराने मिळतात पाच हजार. म्हणून मग झाडानुसार दर आला, तर नारळाला २५० रुपये आणि पोफळीला ५०. आजच्या बाजारात २५० रुपयांत दहाही नारळ येत नाहीत, आणि बाणवली माड धरायला सात-आठ वर्षं लागतात. हे २५० कुणी ठरवले, कोणत्या हिशेबाने ठरवले? विधिमंडळात यावर सभात्याग झालेला मला चालेल. घोषणाबाजी झाली तरी चालेल.

आपल्या दैनिकाकडे एकच मागणं आहे. दरवर्षी १६ मे आणि ३ जून या तारखांना जुन्या वादळांची छायाचित्रं छापता, त्याऐवजी तालुक्यागणिक तक्ता छापा: जाहीर किती, पंचनामे किती, नामंजूर किती आणि का, खात्यात जमा किती. २०२५च्या पॅकेजचा तसाच तक्ता पुढच्या एप्रिलमध्ये येऊ दे. रत्नागिरी तालुक्यापुरता माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही गावातले चार-पाच बागायतदार तहसील कार्यालयात टाकतो आहोत. उत्तर आलं की प्रत आपल्या कार्यालयात आणून देऊ. जिल्ह्याच्या पानावर जागा दिलीत तरी पुरे.

आपला,
एक बागायतदार
आरे, ता. रत्नागिरी