मेढीला बैल म्हणू नका

शाहीर अनंत फंदींच्या संगमनेरात, एकूणच नगर जिल्ह्यात, पोवाड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. शाहीर डफावर थाप देऊन आवाज चढवतो, उतरवतो. मागे तुणतुण्याची एकुलती तार षड्ज सोडत नाही. याला इंग्रजीत काय म्हणावे? संगीतशास्त्राची पुस्तके चाळलेले चटकन सांगतात, ‘ऑब्लिक मोशन’. एक आवाज स्थिर, दुसरा हलता, व्याख्या जुळली!

व्याख्या जुळली, पण शब्द चुकला. पाश्चात्त्य शास्त्रात दोन आवाजांच्या चाली चार : समांतर, एकाच दिशेची, उलट दिशेची आणि ही तिरपी, म्हणजे ‘ऑब्लिक’. ती ऐकायला नगरकरांना लांब जायला नको; नगरात अमेरिकन मिशन आले १८३१ साली. तिथल्या चर्चमध्ये चार आवाजांत स्तोत्र रंगते, तेव्हा सोप्रानोचा आवाज वर सरकतो आणि अल्टोचा क्षणभर जागीच राहतो. पुढच्या मात्रेला तो कुठेही जाऊ शकतो, म्हणूनच त्याचे थांबणे हीसुद्धा चाल. तुणतुण्याला कुठे जायचे आहे? त्याला ‘ऑब्लिक’ म्हणणे म्हणजे खळ्यात रोवलेल्या मेढीच्या खांबाला थांबलेला बैल म्हणणे.

‘मग पेडल पॉइंट म्हणा.’ तेही नको. पेडलचा सूर धरलेला असतो, वर कॉर्ड बदलतात, त्याच्याशी भांडतात आणि शेवटी मिटवून घेतात. पोवाड्यात कॉर्डच नाहीत, तर भांडण कुणाचे?

‘इंग्रजी हवेच कशाला?’ हा बाणेदारपणा घरात ठीक. पण परक्या वाचकासाठी लिहायचे तर चुकीचा शब्द त्याला नसलेली हार्मनी शोधायला लावतो.

माझे म्हणणे साधे आहे. शब्द आहे ‘ड्रोन’. उसावर औषध फवारणारा नव्हे, अखंड आधारसूर देणारा. तंबोऱ्याला तो पुरतो. तुणतुणे मात्र काडीच्या प्रत्येक टोल्याला लयही सांभाळते, म्हणून त्याला ‘रिदमिक ड्रोन’ म्हणावे. आणि झील? शाहिराच्या ओळीचे टोक उचलून झीलकरी ‘जी जी’ लांबवतात, तेवढ्यात शाहीर दम घेतो. याला नुसते ‘कोरस’ म्हटले की तो दमच हरवतो. तिथे ‘झील’ हाच शब्द ठेवून शेजारी एक वाक्य समजुतीचे द्यावे. राग आणि ताल पचवलेल्या इंग्रजीला झील जड जाणार नाही.

कसोटी एकच : जो थांबला, त्याला चालता आले असते का? आले असते, तरच त्याला ‘ऑब्लिक’ म्हणा.