उमेद कुठून येते?

मैत्रिणींनो, ‘बायका मन लावून काम करत नाहीत’ ही तक्रार आपल्या सोलापुरात कायम कानावर पडते. कडक भाकरी-शेंगा चटणीच्या घरगुती धंद्यात तीच, टॉवेलच्या कारखान्यातही तीच. पण तिचं मन लागावं म्हणून आपण काय करतो?

विडीवालीचंच बघा. तिला महिन्याचा पगार नाही, हजार विड्यांवर मजुरी. जितकं काम तितका पैसा, म्हणजे उमेद आपोआप यायला हवी! पण पान खराब मिळालं की विड्या कमी भरतात आणि तपासणीत ‘छाट’ म्हणून काढलेल्या विड्यांची मजुरी बुडते. दिवसभर मान मोडून बसलेल्या बाईला मग वाटतं, जास्त करून तरी काय उपयोग? पान आणि छाट यांवरचे तंटे मिटवायला १९६६ च्या विडी कामगार कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं, यावरूनच काय ते समजा.

आणि याच बायकांनी कॉ. नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आपल्या वाट्याचे पैसेही भरले. त्यातून कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. त्यांच्यात उमेद नव्हती असं कोण म्हणेल? कष्टाचं फळ आपल्याच पदरात पडणार, एवढा भरवसा हवा होता.

१९२७ पासून अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोनचे भाग जोडणाऱ्या मुलींवर एक प्रयोग झाला. त्यांना मधे विश्रांती दिली, त्यांचं मत विचारलं, मजुरीची पद्धतही बदलली. काम वाढलं! ते पैशाने वाढलं की आपुलकीने, यावर विद्वान अजून वाद घालतात. आपल्याला तर दोन्ही हवं. नुसत्या गोड बोलण्याने चूल पेटत नाही, आणि घालूनपाडून बोलून दिलेला पैसा गोड लागत नाही.

म्हणून तुमच्याकडे दोनच बायका भाकरी थापायला येत असल्या, तरी एवढं करा. मोजणी तिच्यासमोर करा. पैसे ठरल्या दिवशी द्या. माल नाकारलात तर का, ते दाखवा. आणि ‘अक्का, यात काय सुधारू?’ असं तिलाही विचारा. ज्या हातांना काम येतं, त्यांना अक्कलही असते.