पेटीची किल्ली कोणाकडे?

दिवाळीच्या फराळाशी ही कटकट कशाला, असे वाचक म्हणतील. पण गेल्या जूनपासून ती माझ्या घशात अडकली आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत आली. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला होता. पासवर्ड हरवलेला. नवा मागावा, तर पडद्यावर एकच उत्तर : तुमच्या ई-मेलवर लिंक पाठवली आहे, ती उघडा. आता ही ई-मेल तीन वर्षांपूर्वी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याने तिच्या नावाने काढून दिलेली. पेटी तिच्या नावाची, किल्ली त्याच्या वहीत! आज तिथे चिकनचे दुकान आहे, आणि झेरॉक्सवाला पुण्याला गेला म्हणतात.

म्हणजे बाई समोर उभी, हातात रेशनकार्ड, पदराशी मुलगी. तिच्या थोरल्याला मीच बाराखडी शिकवली. तरीही ती ती नव्हे! ती कोण, हे सांगण्याचा अधिकार पुण्यातल्या एका झेरॉक्सवाल्याचा.

मॅट्रिकपुढे न गेलेल्या, कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला यंत्रातले काय कळते, असे कोणी म्हणेल. पण यात कळण्यासारखे फारसे नाहीच. यंत्र अंदाज न येणारी एक लांबलचक अक्षरमाला तयार करते, लिंकमध्ये गुंफून पत्त्यावर धाडते. कोणी ती लिंक उघडली की अक्षरमाला परत येते. जुळली, म्हणजे सिद्ध काय झाले? त्या पेटीला कोणाचा तरी हात लागला, एवढेच. कोणाचा, हे विचारलेलेच नाही. आमचा पोस्टमन मनीऑर्डर देताना अंगठा घेई आणि साक्षीदाराची सही मागे. तो दाराला पैसे देत नसे, माणसाला देई.

मुळात हे टपाल माणूस ओळखण्यासाठी जन्मलेच नाही. १९७१ साली रे टॉमलिन्सनने एका यंत्रावरून दुसऱ्यावर पहिले पत्र धाडले, तेव्हा त्या जाळ्यावर मोजकी केंद्रे होती. १९८२ साली जॉन पोस्टेलने पत्रे पोचवण्याचे नियम लिहिले, त्यांत पाठवणाराचे नाव खरे की खोटे हे पाहण्याची सोय नव्हती. पुढे तपासण्या आल्या, पण त्याही पत्र कुठून निघाले ते पाहतात. लिहिणारा कोण, ते नाही.

हे मी एकटाच म्हणतो असे नाही. अमेरिकेच्या ‘एनआयएसटी’ या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ साली लिहून ठेवले, की ओळख पटवण्याचा दुसरा, स्वतंत्र मार्ग म्हणून ई-मेल वापरू नये. आणि किल्ली चोराच्या हाती गेली तर? मॅट होनन या अमेरिकन पत्रकाराच्या खात्यांत २०१२ साली चोर शिरले. एका खात्यातून टपालपेटीत, पेटीतून पुढे. तासाभरात फोन आणि संगणक पुसले गेले. लेकीच्या पहिल्या वर्षाची छायाचित्रे त्यांतच होती. चोराला यंत्राने ओळखले, आमच्या बाईला नाही!

कोट्यवधी लोकांना दारात बोलावून कसे पाहणार, असे शहाणे विचारतील. कबूल. पत्ता बरोबर लिहिला की नाही एवढे तपासायला ही युक्ती स्वस्त आणि चांगली आहे. माझे भांडण तिला मिळालेल्या बढतीशी आहे. पत्ता तपासणाऱ्या शिपायाला तुम्ही न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले, आणि वर अपिलाची खिडकी बंद केली. जिची पेटी हरवली तिच्यासाठी मुख्याध्यापकाची सही, दोन शेजाऱ्यांची साक्ष, तालुक्याला एक टेबल आणि त्यामागे एक जिवंत माणूस का नसावा?

आम्ही शाळेच्या शिक्क्याने पत्र धाडले. उत्तर तत्परतेने आले : हा संदेश यंत्राने पाठवला आहे, या पत्त्यावर उत्तर देऊ नये.

परवा मधल्या सुट्टीत ती मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली.

“गुरुजी, ते झेरॉक्सवाले काका पुण्यात कुठं राहतात?”