पासपोर्ट शिकण्यासाठीही काढता येतो

आमच्या घरात पासपोर्ट तीन कारणांसाठी निघतो. कुणाला सौदी किंवा दुबईला कामाला जायचं असतं, कुणाला उमरा-हजला, आणि एखाद्या खालाला तिकडे राहणाऱ्या लेकीच्या बाळंतपणाला. माझा पासपोर्ट चौथ्या कारणासाठी निघाला होता, शिकण्यासाठी. तो आजही कोरा आहे, एकही शिक्का नाही. त्या कोऱ्या पासपोर्टची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण तुमच्यातले कितीतरी जण डी.एड., बी.एड. करून शिक्षक झालेत किंवा होणार आहेत.

मी मूळचा बल्लारपूरचा. गेली बारा वर्षं एटापल्ली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. गाव माडिया, शाळा दोन शिक्षकी. पहिलीत येणाऱ्या मुलाला मराठी येत नव्हती, मला माडिया येत नव्हती. पहिले काही महिने आम्ही एकमेकांकडे नुसते बघत बसलो. मग मीच विद्यार्थी झालो. आठवडी बाजारात, तेंदूपत्त्याच्या हंगामात, मोहफुलं वेचणाऱ्या बायांकडून शब्द गोळा केले. वर्गाच्या भिंतीवर एका बाजूला माडिया शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी शब्द लिहिला. मुलं बोलायला लागली.

त्याच काळात जपान सरकारच्या एका शिष्यवृत्तीची माहिती मिळाली. ती खास शिक्षकांसाठी आहे. वय ३५ च्या आत हवं, शाळेत शिकवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. सुमारे दीड वर्ष तिकडच्या विद्यापीठात राहून शिकायचं, सुरुवातीला जपानी भाषाही तेच शिकवतात. मी तेव्हा ३३ वर्षांचा होतो. अब्बांना सांगितलं तर ते म्हणाले, "शिकून परत इथंच यायचं? मग जायचं कशाला?"

सरकारी नोकराला पासपोर्ट काढताना खात्याचं ना-हरकत पत्र किंवा पूर्वसूचनेचं पत्र द्यावं लागतं. ते कसंबसं झालं, पासपोर्ट आला. पण अर्जासाठी खात्याची परवानगीही हवी होती. ती योग्य मार्गाने, म्हणजे मुख्याध्यापकांपासून एकेक टेबल चढत वर जाते. माझा कागद एका टेबलावर थांबला. पावसाळ्यात रस्ता बंद, फोनला रेंज नाही. चौकशीला गेलो की साहेब दौऱ्यावर. कागद सुटला तेव्हा अर्जाची तारीख उलटून गेली होती. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता आला असता. मी केला नाही. "हे आपल्यासारख्यांचं काम नाही" असं मनाशी म्हणालो आणि बसलो. आता मी ३६ चा आहे. कागद अडला ही दुसऱ्याची चूक, पण दुसऱ्या वर्षी मी अर्जच केला नाही, ती चूक माझी.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं असतं तर लिहिलं नसतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरची रक्कम, आणि त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुढे त्यांना अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या रजेचाच प्रश्न उभा राहिला. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हाच्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी लक्ष घातलं, तेव्हा वाट मोकळी झाली. जगात पहिल्या आलेल्या शिक्षकाच्या रजेला मंत्र्यांचा शब्द लागतो, तर एटापल्लीच्या गुरुजींच्या कागदासाठी कोण बोलणार?

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्या वेळी प्रशासनाकडून विचारलेला एक प्रश्न खोटा नव्हता. शिक्षक परदेशी गेल्यावर मुलांना शिकवणार कोण? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. त्यातला एक दीड वर्ष गेला तर उरलेल्या एकावर सगळे वर्ग. मी गेलो असतो तर माझ्या पहिलीच्या मुलांशी माडियात बोलणारं कुणी उरलं नसतं. हा विचार मला रात्री झोपू देत नसे. मुलांचं नुकसान करून मिळवलेलं शिक्षण कसलं? म्हणूनच शिक्षक जाण्याआधी बदली शिक्षक वर्गात हजर असला पाहिजे, ही माझी पहिली मागणी आहे. सरकारने नुसती रजा दिली तर तिची किंमत गरिबाचं मूल मोजतं.

दुसरी मागणी, परवानगीला मुदत हवी. ठरलेल्या दिवसांत कार्यालयाने हो किंवा नाही लेखी कळवावं. नकार आला तर माणूस अपील करतो. कागद नुसता पडून राहिला तर तो काय करणार?

तिसरी मागणी निवडीबद्दल. इतर राज्यांनी वाट दाखवली आहे. दिल्ली सरकारने आपल्या शाळांचे शिक्षक फिनलंड आणि सिंगापूरला पाठवले, पंजाबने फेब्रुवारी २०२३ मध्ये ३६ मुख्याध्यापक सिंगापूरला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ७२ प्राथमिक शिक्षक फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात. असे दौरे आपल्याकडे निघतील तेव्हा ज्याला इंग्रजी फर्डी येते आणि जो मुंबई-पुण्याच्या जवळ आहे, त्यालाच जागा मिळू नये. दुर्गम भागातली वर्षं गुणांत धरावीत आणि मुलाखत मराठीत व्हावी. आमच्याच तालुक्यातल्या जाजावंडी शाळेचे मांतय्या बेडके यांना २०२४ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. एटापल्लीत गुणवत्ता नाही असं आता कुणी म्हणू नये. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाला शिकवायचं कसं, हा प्रश्न जगभर आहे. स्थलांतरितांची मुलं वर्गात आल्यावर युरोपातले शिक्षकही त्यात अडकतात. तिथे आमच्या शिक्षकाकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

आता आपल्या घराकडे वळू या. माझी धाकटी बहीण उर्दू शाळेत शिकवते. तिची दहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला निवड झाली होती. शाळेने लगेच सोडलं. घरात मात्र तीन दिवस बैठक चालली: एकटी कशी जाणार, राहणार कुठे, लोक काय म्हणतील. ती गेली नाही. रजा अडवणारं एक कार्यालय आपल्या घरातही आहे, आणि तिथे अपील करायची सोय नाही. तिथला कारकून मी स्वतः होतो, कारण त्या बैठकीत मी गप्प बसलो. सावित्रीबाई फुले शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायला अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत गेल्या, त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. आणि आपण अजून बहिणीला पुण्याला पाठवायला घाबरतो.

परदेशात शिकून शिक्षक होण्याची परंपरा आपल्यालाही परकी नाही. झाकिर हुसैन १९२६ मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतले. सोबत आबिद हुसैन आणि मुहम्मद मुजीब होते. मोठ्या पगाराच्या मागे न जाता तिघे डबघाईला आलेल्या जामिया मिल्लियात शिकवायला लागले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला, आपल्या विदर्भातच, शिक्षण परिषद भरली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसैन होते. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हातकामाच्या आधाराने, असा तो आराखडा होता. जर्मनीत केर्शेनस्टायनर यांनी मांडलेला श्रमातून शिक्षणाचा विचार त्यांनी जवळून पाहिला होता. मी आज माडिया शब्द भिंतीवर लिहितो, तेव्हा वर्ध्यात मांडलेलीच गोष्ट करत असतो. एक माणूस शिकायला गेला आणि शिकवायला परत आला, एवढ्याने किती फरक पडतो ते बघा. अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. मला ते त्या दिवशी सुचलं नाही.

जपानला मी गेलो नाही, पण तिथली एक गोष्ट वाचून उचलली. तिकडे काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात. एक जण तो शिकवतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे बघतात, नंतर सगळे चर्चा करतात. आमच्या केंद्रातल्या चार शिक्षकांनी हे करून पाहिलं. वजाबाकीच्या पाठात मी जिथे घाई करत होतो तिथे तीन मुलं दर वेळी मागे राहत होती. बारा वर्षांत मला ते दिसलं नव्हतं, शेजारच्या शाळेच्या मॅडमना एका तासात दिसलं. पुस्तकातून एवढं मिळालं, तर तिथे दीड वर्ष राहून किती मिळालं असतं, ही रुखरुख मात्र जात नाही.

तरुण दोस्तांनो, म्हणून एवढं करा. नोकरी लागायच्या आधीच पासपोर्ट काढा, तेव्हा खात्याच्या पत्राची गरज नसते. रोज अर्धा तास इंग्रजी वाचा आणि बोला, चुकलं तरी बोला. वर्गात जे करता त्याची वही ठेवा, कारण अर्जात पहिला प्रश्न तोच असतो: तुम्ही काय केलं? वयाची अट आधी बघा. आणि पहिल्यांदा नाही झालं तर दुसऱ्या वर्षी अर्ज करा.

वजाबाकीतली माझी घाई पकडणाऱ्या त्या मॅडम २८ वर्षांच्या आहेत. यंदा त्यांचा अर्ज जातो आहे. त्यांचा कागद कोणत्या टेबलावर आहे ते मी दर सोमवारी विचारतो. आणि बहिणीला सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी पुण्याला तुला सोडायला मीच येईन, येताना तू एकटी ये.